बिननावाचा गोटीपाना

इद्रिसभाईंच्या काही सवयी.

चहा बशीत ओतून पितात. कपात तळाशी थोडा ठेवतात. तो दुकानातल्या मांजरीचा.

कानावर खडूचा तुकडा असतो. पेन कधीच नसतं.

बोलताना हातात काहीतरी लोखंडी लागतं. नट, वायसर, सायकलच्या चेनची कडी. बोलणं संपलं की ती वस्तू परत जागेवर जाते.

रद्दीतली पुस्तकं वजनात धरत नाहीत. माझ्यासाठी बाजूला काढतात. "मास्तर, तुन्ही बिरादरी उनी," म्हणतात, म्हणजे तुझे भाऊबंद आले. मी मास्तर नाही. मराठी घेऊन एम.ए. झालो आणि घरी शिकवण्या घेतो. पुस्तकांसाठी म्हणून त्यांच्या दुकानात जायला लागलो आणि मग पुस्तकं नसली तरी जायला लागलो.

गंजलेला नट एकदा फिरायला लागला की अर्धवट सोडत नाहीत. शमाभाभी डबा घेऊन समोर उभ्या राहिल्या तरी उठत नाहीत.

नाव कळल्याशिवाय कुठलीही वस्तू तोडत नाहीत.

ही शेवटची सवय माझ्या बऱ्याच उशिरा लक्षात आली. नंदुरबारच्या स्टेशनमागे, रुळांच्या कुंपणाला लागून त्यांचं भंगाराचं दुकान आहे. माल येतो. तांबं वेगळं, पितळ वेगळं, बीड वेगळं होतं. लोखंडाचे तुकडे होतात आणि ट्रक भरून भट्टीला जातात. पण घण मारण्याआधी इद्रिसभाई प्रत्येक वस्तू हातात घेतात, उलटसुलट करतात आणि तिच्यावर खडूने नाव लिहितात. 'पंपाचा पाय'. 'बाजेचा कोपरा'. 'शिलाई मशीनचं चाक'. मग घण.

मी एकदा म्हणालो, "तोडायचंच आहे, तर नाव कशाला?"

"मास्तर, मानूस मरना म्हने लोके पहिले काय इचारतस? कोन व्हता. मंग हाईले बी इचारनं पडस."

एम.ए.ला असं कुणी काही बोललं नव्हतं.

गेल्या उन्हाळ्यात नाव नसलेली एक वस्तू आली. ती आणली गोवालने. गोवाल फेरीवाला आहे. त्याच्या मोपेडला कर्णा आहे आणि कर्ण्यातून त्याचाच आवाज येतो, "भंगार द्या, टब ल्या. घमेलं ल्या." गावोगाव हिंडून तो जुनं लोखंड घेतो, प्लॅस्टिकचे टब देतो आणि संध्याकाळी पोतं इद्रिसभाईंकडे ओततो. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या साफसफाईत घराघरांतून माल निघतो. त्याच दिवसांत एका पोत्यातून हा पाना पडला.

गोटीपाना होता, एवढं मलाही कळलं. गॅरेजात असतो तो. नटावर टोपीसारखा बसतो. पण हा हातभर लांब होता आणि उचलताना मनगट खाली जायचं. एका टोकाला मोठी गोटी, आतून सहा कोपऱ्यांची, मूठ जाईल एवढी. दुसऱ्या टोकाला लहान, चौकोनी. मधोमध आडवी पहार घालायला भोक. कुठे नाव नाही, नंबर नाही. असलं तर झिजून गेलेलं.

इद्रिसभाईंनी तो रॉकेलने धुतला. भंगारातली वस्तू ओळखायची तर आधी तिचं तोंड धुवावं लागतं, असं त्यांचं म्हणणं. धुवून झाल्यावर बराच वेळ हातात धरून बसले. मग त्यावर खडूने प्रश्नचिन्ह काढलं आणि भिंतीला टेकून ठेवला.

तो तिथेच राहिला. ट्रॅक्टरच्या गॅरेजवाल्याला दाखवला. तो म्हणाला, आपला नाही. नळाला पाणी सोडणारा माणूस व्हॉल्व्ह फिरवायची चावी खांद्यावर घेऊन जातो. त्याला थांबवलं. त्याने आपली चावी शेजारी धरून पाहिली आणि मान हलवली. ट्रकच्या चाकाला बसत नव्हता. बोअरवेलवाल्यांना दाखवला, ते हसले. इद्रिसभाईंना घाई नव्हती. येणाऱ्या-जाणाऱ्याला पाहुणा दाखवावा तसे ते पाना दाखवायचे.

गणपती उठले. पितरांचे दिवस सुरू झाले आणि एका दुपारी रेल्वे पोलिसांचे जमादार आले.

रुळांवरची काही हत्यारं कमी भरली होती. म्हणून लाइनीलगतची सगळी भंगाराची दुकानं ते बघत होते. आवाज चढवला नाही. चहा घेतला. मग भिंतीजवळ गेले आणि पाना उचलला.

"हे काय आहे?"

"तेच समजत नही, साहेब."

"रुळांखालच्या स्लीपरच्या स्क्रूची चावी वाटते." जमादारांनी चौकोनी तोंडात बोट घातलं. "असंच तोंड असतं. पहार घालायला असंच भोक. आणि हा आतला रंग बघा. आमच्या हत्यारांना लाल रंग असतो."

मीही वाकून पाहिलं. बाहेरून रॉकेलने स्वच्छ झालेला पाना आतून लालच होता. गोटीच्या तळाशी लाल थर बसला होता.

"साहेब, हाई रेल्वेनं ऱ्हातं ते मी असं समोर ठेवतू का?"

"तुम्ही तोडलं नाहीत, हे बरं केलंत," जमादार म्हणाले. "आता असं करा. विकायचं नाही, हलवायचं नाही. नवरात्र बसायच्या आत हे कशाचं आहे ते मला दाखवा. रेल्वेचं नाही, असं माझ्या डोळ्यांना दिसलं पाहिजे. नाहीतर तुम्हाला घेऊन जावं लागेल. ज्याने आणलं त्यालाही."

ते गेले. इद्रिसभाईंच्या हातात वायसर होतं. बोलणं संपून बराच वेळ झाला होता. वायसर हातातच राहिलं.

गोवाल संध्याकाळी आला. ऐकून खालीच बसला.

"कोठून आनं, आठवस का?" इद्रिसभाईंनी विचारलं.

"भाई, आखाजीमा अर्धा तालुका मन्हा पोतामा व्हता. काय सांगू?"

मी म्हणालो, इंटरनेटवर विचारू. जुन्या हत्यारांची आवड असणाऱ्यांचा एक गट आहे. जगभरचे लोक त्यात फोटो टाकतात आणि हे काय म्हणून विचारतात. मी चारी बाजूंनी फोटो काढले आणि टाकले. आम्ही तिघं फोनकडे बघत बसलो. पहिलं उत्तर लवकर आलं. मी ते मनात वाचलं.

"जोरमा वाच," इद्रिसभाई म्हणाले.

मी वाचलं. "हा रेल्वेच्या रुळांचे स्क्रू घट्ट करायचा जुना पाना असावा."

गोवालने तोंडावर हात फिरवला. दुसऱ्याने लिहिलं होतं, पाण्याच्या व्हॉल्व्हची चावी. तिसऱ्याने विचारलं होतं, फार देखणा आहे, विकणार का?

"त्याले सांग," इद्रिसभाई म्हणाले, "इकसूत. पन पानासोबत माले बी ली जा म्हना. दोन्ही एकच गाडीवर चढसूत."

ते हसले. मी हसायचा प्रयत्न केला.

पुढचे दिवस वाईट गेले. त्यांनी दुकान रोज उघडलं. मालाची नावं लिहिली, पण घण मारला नाही. भट्टीचा ट्रक रिकामा परत गेला. मी रोज फोन उघडून बघायचो. नवी उत्तरं यायची, सगळी वेगवेगळी. एकाचंही पटण्यासारखं नव्हतं आणि पहिल्याला बाकीच्यांनी अंगठे दिले होते.

मग एका दुपारी गोवाल आणि मी दुकानात बसलो असताना शमाभाभी डबा घेऊन आल्या. इद्रिसभाई जेवत नव्हते, म्हणून त्या समोर बसून राहिल्या. बसल्या बसल्या त्यांनी पाना मांडीवर ओढला, केसातली पिन काढली आणि मोठ्या गोटीतला लाल थर कोरायला लागल्या.

"मत कर," इद्रिसभाई म्हणाले. "साहब बोलेंगे रंग निकाल दिया."

"रंग है किधर?" शमाभाभींनी बोट पुढे केलं. "रंग का पोपडा निकलता है. ये तो भुकटी है."

पिन पुन्हा आत गेली. भुकटीबरोबर काहीतरी बाहेर आलं आणि त्यांच्या तळहातावर पडलं. लहान, लांबट, लाल.

"चावल," त्या म्हणाल्या.

मी दाणा हातात घेतला. अख्खा होता, टोक न मोडलेला. कुंकवाने माखलेला. आमच्या घरी देवाला वाहतात तसा.

मी दाणा उजेडात धरला. मग म्हणालो, "खंडेनवमी."

दसऱ्याच्या आदल्या दिवशी घरातली सगळी हत्यारं धुवून पाटावर मांडतात. विळा, कुऱ्हाड, नांगराचा फाळ, हल्ली ट्रॅक्टरचे पाने आणि पोरांचे कंपासही. त्यांना हळदकुंकू लावतात, अक्षता वाहतात. हा पाना कुणाच्या तरी पाटावर होता. एकदा नाही, वर्षानुवर्षं. थरावर थर बसला होता.

इद्रिसभाईंनी लगेच जमादारांना फोन लावला. मी सगळं सांगितलं.

"रुळांवर काम करणारे गँगवालेही दसऱ्याला हत्यारं पुजतात," जमादार म्हणाले. "नारळ फोडतात. पेढे मी स्वतः खाल्लेत. तांदूळ मिळाला म्हणून पाना रेल्वेचा नाही, असं होत नाही."

मी फोन खाली ठेवला. इद्रिसभाई मात्र गोवालकडे बघत होते.

"गोवाल, आठव. कोन्ता घरना लोखंडले कुंकू व्हतं?"

गोवाल आधी नाही म्हणाला. मग त्याने स्वतःचे हात वर धरून पाहिले.

"भाई. मन्हा हात लाल व्हयना व्हता. माले वाटनं, पत्रा लागना. मी घाबरनू. एक बाईकडे पानी मांगं. धोवं ते काहीच नही. ना जखम, ना काही." तो उभा राहिला. "रनाळामा. टाकीनी मांगे. त्या बाईनी निळा टब लिधा व्हता."

दुसऱ्या दिवशी सकाळी, पाना सोबत नेतोय असं जमादारांना कळवून, आम्ही निघालो. गोवाल मोपेडवर पुढे, कर्णा बंद. मागे माझी मोटारसायकल. इद्रिसभाई माझ्या मागे, मांडीवर पोत्यात गुंडाळलेला पाना आणि खांद्याला एक कापडी पिशवी. मला वाटलं, भाभींनी डबा दिला असेल. रस्त्याच्या दोन्ही अंगांना कापूस फुटायच्या बेतात होता.

रनाळ्यात टाकीमागे एक मोठं घर होतं. पुढे ओटा, मागे गोठा. नळाखाली निळा टब होता आणि त्यात कपडे भिजत पडले होते. गोवालने मान हलवली.

एक बाई बाहेर आली. तिने आधी गोवालला ओळखलं, मग पोत्यातून बाहेर आलेल्या दांड्याकडे पाहिलं. पदर डोक्यावर ओढला.

"आम्हनं नही ते," ती म्हणाली. आम्ही काही विचारलंही नव्हतं.

"वहिनी, टब तोच शे," गोवाल म्हणाला.

"टब कोनाकडे बी ऱ्हास."

इद्रिसभाईंनी पाना ओट्यावर ठेवला. ते तिथेच, जोड्यांजवळ बसले.

"बहीन," ते म्हणाले, "तुम्ही दिधं त्यामा काही गुन्हा नही. जुनं लोखंड सगळाच देतस. फक्त हाई तुम्हना घरनं शे, इतलं सांगा. नही ते माले अन् ह्या पोऱ्याले रेल्वेवाला ली जातीन."

ती टबाकडे बघत राहिली. घरातून खोकल्याचा आवाज आला. तिने मागे वळून पाहिलं.

"आबाले माहीत नही," ती हळूच म्हणाली. "नवमीले ते मांगतीन. आठ दिन व्हयनात, मी धुंडानं नाटक करी ऱ्हायनू. काल ते म्हनेत, उंदीर ली गया व्हई."

"इतला मोठा उंदीर?" गोवाल म्हणाला.

ती हसली आणि लगेच गप्प झाली. तिचं नाव रुपा. आबा म्हणजे तिचे सासरे, दोधू आबा. ते मला नंतर कळलं. त्या क्षणी मला एवढंच दिसत होतं की ती हो म्हणाली तर तिला बोलणी बसतील आणि नाही म्हणाली तर इद्रिसभाई जातील.

रुपा दारात गेली.

"आबा, तुम्हनं हत्यार सापडनं."

"कोठे व्हतं?" आतून आवाज आला.

रुपा थांबली. मी इद्रिसभाईंकडे पाहिलं. ते जमिनीकडे बघत होते.

"मी भंगारमा दिधं व्हतं," रुपा म्हणाली.

दोधू आबा बाहेर आले. बंडी, धोतर, नाकावर घसरलेला चष्मा. त्यांनी पाना पाहिला, आम्हाला पाहिलं, सुनेला पाहिलं.

"कशाना बदलामा?"

"टब."

"कोन्ता?"

"निळा."

"तो ते फुटका शे!" आबा ओरडले. "माय वो! मन्हा पंजोबानं लढाईनं हत्यार, अन् फुटका टब!"

"लढाईचं?" मी म्हणालो.

"मंग? पंजोबा लढाईमा जायेल व्हता. एक दिधा की दुश्मन आडवा." आबांनी पाना दोन्ही हातांनी उचलून दाखवला. तो त्यांना जड जात होता. "दर नवमीले पूजतस आम्ही. मन्हा बाप पूजे, त्याना बाप पूजे."

इद्रिसभाईंनी अदबीने त्यांच्या हातातून पाना घेतला आणि सहा कोपऱ्यांचं तोंड त्यांच्यापुढे धरलं.

"आबा, राग नका मानू. ह्याले गोटी शे. दुश्मनना डोकावर नट व्हता का?"

रुपाने पदर तोंडात धरला. आबांनी इद्रिसभाईंकडे रोखून पाहिलं. मग चष्मा वर ढकलून गोटीच्या आत पाहिलं. इतक्या वर्षांत त्यांनी ते तोंड पहिल्यांदाच नीट पाहिलं असावं.

"मंग काय शे हाई?"

"तेच ते कोनले माहीत नही," इद्रिसभाई म्हणाले.

मी जमादारांना फोन लावला आणि आबांकडे दिला. आबांनी पाना आपला असल्याचं सांगितलं, पणजोबांची लढाईही सांगितली.

"आबा," जमादार म्हणाले, "तुमच्या शब्दावर माझा विश्वास आहे. पण मला वर उत्तर द्यायचंय. हत्यार म्हणून चालणार नाही. त्याचं काम काय, ते दाखवा."

मग सगळं घर कामाला लागलं. पंपाला लावून पाहिला, बसला नाही. ट्रॅक्टरला नाही. थ्रेशरला नाही. आबांनी उसाच्या जुन्या चरकाला लावायला सांगितलं, तिथे चौकोनी तोंड सैल पडलं. प्रत्येक वेळी इद्रिसभाई पाना लावायचे, थांबायचे आणि काढून घ्यायचे. त्यांचा कानावरचा खडू घामाने ओला झाला होता.

ऊन चढलं. आबा पायरीवर बसले. गोवाल मोपेडजवळ जाऊन उभा राहिला. पळून जावं की राहावं असं त्याच्या मनात चालू असावं. राहिला.

तेवढ्यात रुपा गोठ्याच्या दारातून म्हणाली, "आबा, दमनीनी टोपी सहा कोपरानी शे ना?"

"कशानी टोपी?"

"चाकनी. पितळनी. मी रोज तिले वासरूनी दोरी गुंडाळस. कोपरा शेत, म्हनीसन दोरी निसटत नही."

आम्ही सगळे गोठ्यात गेलो. कापसाच्या पऱ्हाट्यांच्या भाऱ्यामागे एक दमणी उभी होती. वरून झाकलेली ही हलकी बैलगाडी माणसं न्यायची. हिच्या छपराचं कापड केव्हाच गेलं होतं, कमानी उरल्या होत्या. आत एक कोंबडी बसली होती. आबांची आई कळसाडीहून याच दमणीत बसून नांदायला आली होती. घरात जीप आल्यापासून दमणी जागची हलली नव्हती. तिला लाकडी आस नव्हता, लोखंडी होता, आणि चाकाच्या मधोमध शेणाने काळवंडलेली पितळी टोपी होती. टोपीवर वासराची दोरी.

रुपाने दोरी सोडली. इद्रिसभाईंनी बाहीने टोपी पुसली आणि पाना लावला.

बसला. कुठेही फट राहिली नाही.

कोंबडी उतरून निघून गेली.

मी व्हिडिओवर जमादारांना बोलावलं. फोन टोपीसमोर धरला.

"बसतो तर आहे," जमादार म्हणाले. "फिरवून दाखवा."

भोकातून पहार घातली. इद्रिसभाईंनी जोर लावला. टोपी हलली नाही. गोवाल आला, दुसऱ्या टोकाला लटकला. काहीच नाही. मी फोन आणखी जवळ नेला. जमादारांचा चेहरा त्यात शांत होता. वाट बघणाऱ्या माणसाचा असतो तसा.

"रॉकेल शे का?" इद्रिसभाईंनी विचारलं.

रुपाने बाटली आणली. आटे भिजवले. इद्रिसभाई थोडा वेळ टोपीवर हळूहळू ठोकत राहिले. कुणाच्या पाठीवर थोपटावं तसं. मग पुन्हा पहार. या वेळी आबांनीही धोतर खोचून हात लावला.

कर्र, असा आवाज झाला. मला वाटलं काहीतरी मोडलं. मोडलं नव्हतं. टोपी फिरली होती.

इद्रिसभाईंनी ती हातांनी काढली. आत काळं, वाळलेलं ग्रीस होतं आणि त्यातून डोकं वर काढलेला एक चौकोनी नट. त्यांनी पाना उलटा केला आणि लहान तोंड नटावर ठेवलं. तेही बसलं.

"एक तोंड टोपीचं, एक नटाचं," मी फोनमध्ये म्हणालो. "दमणीचं चाक काढायचा पाना आहे, साहेब."

"दिसतंय मला," जमादार म्हणाले. मग थोडे पुढे झुकल्यासारखे झाले. "जरा चाक दाखवा. मागे घ्या. कमानी आहेत का अजून? माझ्या मामाकडे होती अशी." थोडा वेळ ते नुसते बघत राहिले. "बरं. इद्रिसभाईंना सांगा, माझ्याकडून संपलं. पाना आबांचा आबांकडे ठेवा."

फोन बंद झाला.

गोवाल पऱ्हाट्यांवर आडवा झाला आणि मोठ्याने हसायला लागला. रुपा डोळे पुसत होती आणि आबा तिला म्हणत होते, "रडस काय? पानी ठेव चहानं. अन् तो टब फेकी दे." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पन पंजोबा लढाईमा गया व्हता हां. दमनी लिसनी जायेल व्हई."

इद्रिसभाई चाकाला पाठ टेकून खाली बसले होते. हात कोपरापर्यंत काळे झाले होते. त्यांनी खांद्यावरची पिशवी पुढे ओढली आणि पुसायला काहीतरी शोधायला लागले. एका हाताने जमेना, म्हणून पिशवी मांडीवर रिकामी केली.

डबा नव्हता. एक लुंगी, घडी घातलेली. एक सदरा. कंगवा. साखरेच्या आजाराच्या गोळ्यांची पाकिटं, रबर लावलेली. एक नवा टॉवेल, दुकानाचं लेबल अजून चिकटलेलं.

मी बघत राहिलो. मग आठवलं, ही पिशवी रोज दुकानात खिळ्याला टांगलेली असायची. जमादार येऊन गेल्यापासून.

"भाभीला माहीत आहे?" मी विचारलं.

"तिनीच भरी," ते म्हणाले. टॉवेलचं लेबल काढलं, नीट चुरगळून खिशात ठेवलं आणि हात पुसायला लागले. "मास्तर, तोंड मिट. माशी जाई."

चहा आला. त्यांनी बशीत ओतला, प्यायला आणि कपात थोडा ठेवला. मांजर तिथे नव्हती. ते रुपाने पाहिलं आणि तिने कप तसाच वासरासमोर धरला. वासराने तोंड फिरवलं.

मग त्यांनी ते चाक पुरतं उघडलं. जुनं ग्रीस काढलं, आस पुसून चकचकीत केला. आबांनी ट्रॅक्टरचं ग्रीस दिलं, ते भरलं, चाक चढवलं आणि टोपी पुन्हा बसवली. गोवाल आणि मी दमणी एका अंगाने उचलून धरली. आबांनी बोटाने चाक ढकललं. ते फिरलं आणि बराच वेळ फिरत राहिलं. आबा प्रत्येक आरी मोजावी तसे त्याच्याकडे बघत होते.

"दुसरं बी कर ना," आबा म्हणाले.

इद्रिसभाई पलीकडे गेले. या अंगाचे आटे उलटे होते. चालताना चाकाने नट आपोआप सैल करू नये म्हणून तसे असतात, हे त्यांनाही पाना लावल्यावरच कळलं. रॉकेल ओतलं, ठोकलं, पहार लावली. टोपी अर्धा आटा फिरली आणि अडली.

मला त्यांची सवय माहीत होती. मी बसून घेतलं. आता संध्याकाळ होणार.

पण त्यांनी पहार काढली. टॉवेल रॉकेलमध्ये बुडवला, पिळला आणि टोपीभोवती घट्ट बांधला.

"मुरू द्या," आबांना म्हणाले. "मी येसू."

दसरा झाला. आबांनी पाना पाटावर मांडला. रुपाने मला फोटो पाठवला. कुंकवाचा नवा ठसा, अक्षता आणि शेजारी इद्रिसभाईंच्या खडूचा तुकडा. तो त्या दिवशी गोठ्यात पडला होता.

दुकानात घण पुन्हा सुरू झाला आहे. भिंतीजवळची जागा रिकामी आहे. रनाळ्याच्या बाजूला काही काम निघालं की इद्रिसभाई माझ्या मागे बसतात. आबांकडे चहा होतो. रुपा आता मांजर पाळते आहे. मग इद्रिसभाई गोठ्यात जातात, डावीकडच्या चाकापाशी उकिडवे बसतात, टॉवेलवर थोडं रॉकेल ओततात आणि गाठ चाचपून बघतात.

"लावू का पहार?" मी विचारतो.

"मुरनं नही अजून," ते म्हणतात आणि उठतात.

टोपी अर्धा आटा फिरलेली आहे. टॉवेल तिथेच आहे.